मुख्य प्रशिक्षक चेंडूत हवा भरतो, मग सामना कोण चालवतो?

दरवर्षी जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या क्रीडापानांवर एकच धांदल उडते. नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, ३२ संघांपैकी काही संघ साखळी सामने संपताच आपल्या मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवतात, आणि रिकाम्या झालेल्या त्या खुर्च्यांसाठी ज्यांची नावे घेतली जातात त्यांतली बरीचशी माणसे दुसऱ्या कुठल्या तरी संघात ‘सहायक प्रशिक्षक’ म्हणून काम करत असतात. न्यू जर्सीला किंवा डॅलसला मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना टीव्हीवरचा हा खेळ आधीच कोड्यात टाकतो. त्यात मैदानाच्या कडेला कानांवर हेडफोन चढवून, ओठांच्या हालचालींवरून कोणी शब्द ओळखू नयेत म्हणून तोंडासमोर मोठा कागद धरून पुटपुटणारी माणसे दिसली, की ही सगळी मंडळी नेमके करतात तरी काय, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला तो अधिकच पडतो, कारण क्रिकेटमध्ये सामना एकदा सुरू झाला की बरेचसे निर्णय कर्णधार घेतो आणि प्रशिक्षक ड्रेसिंग रूममध्ये बसून असतो.

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नियमांत आहे आणि थोडे इतिहासातही आहे. ‘सहायक’ या शब्दावरून आपल्याला हाताखालचा, मदतनीस माणूस आठवतो, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

आधी खेळाची घडण समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात अकराही जणांनी काय करायचे, कोणी कुठे धावायचे, कोणाला अडवायचे, चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हे आधीच ठरलेले असते. या ठरलेल्या कृतीला आपण ‘चाल’ म्हणू. एक चाल जेमतेम पाच-सहा सेकंद चालते, मग खेळ थांबतो आणि पुढची चाल बहुतेक वेळा ४० सेकंदांच्या आत सुरू करावी लागते.

रंगमंचावर दर पाच सेकंदांनी पडदा पडतो आहे, आणि पुढचा प्रवेश कोणता करायचा हे दिग्दर्शकाने अर्ध्या मिनिटात ठरवून सगळ्या नटांपर्यंत पोहोचवायचे आहे, अशी कल्पना केली तर या खेळाचा ताण कळतो. समोर तितकाच तयारीचा दुसरा संघ असतो आणि तो आपला पुढचा प्रवेश ओळखण्याच्या खटपटीत असतो. खेळाडूंचेही तीन वेगळे गट असतात: चेंडू पुढे नेणारे आक्रमण, त्याला रोखणारा बचाव, आणि लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी उतरणारा ‘स्पेशल टीम्स’ नावाचा गट. संघात ५३ खेळाडू असतात. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. एवढे शब्द लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजेल.

बाजूला उभे राहून सांगणेही जेव्हा नियमबाह्य होते

ही लीग १९२० साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी स्थापन झाली, तेव्हा आजच्यासारखा प्रशिक्षकांचा ताफा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस संघाचे मालक होते, प्रशिक्षक होते आणि सुरुवातीची वर्षे स्वतः मैदानात उतरून खेळतही होते. खेळाडू बदलण्यावर कडक बंधने असल्यामुळे जो आक्रमणात खेळे तोच चेंडू गमावल्यावर बचावालाही उभा राही. शिवाय सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाकावरून खेळाडूंना सूचना देणे नियमात बसत नव्हते. परीक्षेच्या खोलीत गुरुजींनी विद्यार्थ्याच्या कानात उत्तर सांगू नये, तशी त्यामागची भावना होती: तयारी आठवडाभर करून घ्या, पण प्रत्यक्ष पेपर मुलांनीच सोडवावा. हे बंधन एनएफएलने १९४४ मध्ये उठवले.

तरीही तज्ज्ञाची मदत घेण्याची ओढ आधीपासूनच होती. डिसेंबर १९४० मध्ये बेअर्सनी अंतिम सामन्यात वॉशिंग्टनच्या संघाचा ७३–० असा धुव्वा उडवला. एनएफएलच्या इतिहासातला तो आजही सर्वांत एकतर्फी सामना आहे. त्या सामन्याच्या तयारीत हॅलस यांच्या मदतीला क्लार्क शॉनेसी होते, आणि ते तर त्या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. ‘टी’ नावाच्या व्यूहरचनेतले बारकावे त्यांना जितके कळत तितके क्वचितच कोणाला कळत असत.

खरा बदल मात्र खेळाडू बदलण्याच्या नियमामुळे झाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले सैन्यात गेल्याने संघांना माणसांची चणचण भासू लागली, म्हणून १९४३ मध्ये हवे तेव्हा हवे तितके खेळाडू बदलण्याची मुभा देण्यात आली. युद्ध संपल्यावर ती आवळली गेली आणि १९५० मध्ये पुन्हा, या वेळी कायमची, देण्यात आली. नियमपुस्तकातल्या या बदलाने आक्रमण आणि बचाव हे दोन स्वतंत्र धंदे झाले. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेची आठवण इथे उपयोगी पडेल. चारही इयत्तांना एकच गुरुजी सगळे विषय शिकवतात तोवर विषयशिक्षकाची गरज नसते; पण गणित आणि भाषा यांचे वर्ग वेगळे झाले, की त्या त्या विषयाचा माणूस लागतो आणि जुने गुरुजी मुख्याध्यापक होतात.

क्लीव्हलँडचे पॉल ब्राउन आणि वर्गातला फळा

ही शाळेची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. ज्या माणसाने व्यावसायिक फुटबॉलला शाळेचे रूप दिले ते पॉल ब्राउन ओहायोतल्या मॅसिलॉन गावच्या शाळेच्या संघाचे प्रशिक्षक म्हणूनच नावारूपाला आले होते. १९४६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ एका नव्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये सुरू झाला. त्या लीगची चारही विजेतेपदे त्याने जिंकली, आणि १९५० मध्ये एनएफएलमध्ये प्रवेश केल्यावर पहिल्याच वर्षी तिथलेही विजेतेपद मिळवले.

तोवर सहायक प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता येणारा आणि उरलेले वर्ष दुसरी नोकरी किंवा धंदा करणारा माणूस, अशी सर्रास रीत होती. ब्राउन यांनी वर्षभर पगारावर सहायक ठेवले. खेळाडूंना वर्गात बसवले, वह्यांत चाली उतरवून घ्यायला लावल्या, लेखी परीक्षा घेतल्या, आणि सामन्यांची चित्रफीत पुन्हापुन्हा पाहून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीला गुण देण्याची पद्धत बसवली. चित्रफितीचा हा अभ्यास वेळखाऊ असतो, आणि मुख्य प्रशिक्षकाकडे वेळ नसतो. सहायकांची संख्या वाढण्यामागे पुढे जी कारणे झाली त्यांत हे मोठे आहे.

सामना चालू असताना पुढची चाल क्वार्टरबॅकने ठरवावी, ही तोवरची पद्धतही ब्राउन यांनी मोडली. ते एका खेळाडूला बाहेर बोलावून दुसऱ्याला आत पाठवत आणि तो आत जाणारा निरोप्या चाल सांगे. १९५६ मध्ये त्यांनी याच्याही पुढे जाऊन क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये चक्क रेडिओ बसवला. न्यूयॉर्क जायंट्सनी मैदानाच्या कडेला बसून तो संदेश पकडला, असे सांगतात. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी लवकरच त्या रेडिओवर बंदी घातली, आणि तो अधिकृतपणे परत यायला १९९४ साल उजाडावे लागले.

ब्राउन यांचे सहायक वीब युबँक पुढे बाल्टिमोर कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी १९५८ व १९५९ ची विजेतेपदे जिंकली. दुसरे सहायक ब्लँटन कॉलियर. १९६३ च्या जानेवारीत मालकाने ब्राउन यांना काढले तेव्हा त्यांच्याच जागी कॉलियर यांना नेमले गेले आणि १९६४ चे विजेतेपद कॉलियर यांच्या नावावर लागले. सहायकाच्या आयुष्यातली ही अवघड जागा नंतरच्या काळातही वारंवार दिसते: ज्याने हात धरून शिकवले, त्याचीच खुर्ची समोर येते.

न्यूयॉर्क जायंट्स, १९५४: एकाच ओळीतल्या दोन खोल्या

सहायक प्रशिक्षक म्हणजे काय हे समजून घ्यायला एकच संघ निवडायचा झाला, तर मी १९५४ ते १९५८ मधला न्यूयॉर्क जायंट्स निवडीन. १९५३ मध्ये या संघाने १२ पैकी ९ सामने गमावले होते. दोन दशकांहून अधिक काळ प्रशिक्षक असलेले स्टीव्ह ओवेन गेले आणि त्यांच्या जागी जिम ली हॉवेल आले. हॉवेल अर्कान्सासचे, संघाचे जुने खेळाडू आणि युद्धात मरीन दलात काम केलेले शिस्तीचे गृहस्थ. आक्रमणातले आणि बचावातले आपले ज्ञान बेताचे आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि हाच त्यांचा मोठा गुण ठरला. त्यांनी आक्रमण पूर्णपणे एका माणसावर सोपवले आणि बचाव दुसऱ्यावर. आपण फक्त चेंडूंत हवा भरतो आणि शिस्त सांभाळतो, असे ते गमतीने म्हणत.

आक्रमण ज्यांच्याकडे दिले ते व्हिन्स लोम्बार्डी ४१ वर्षांचे होते. न्यू जर्सीतल्या एका कॅथलिक शाळेत त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि लॅटिन शिकवत संघ घडवला होता, आणि नंतर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत रेड ब्लेक यांच्या हाताखाली पाच वर्षे काढली होती. व्यावसायिक खेळाडूंना हा मोठ्या आवाजाचा मास्तर सुरुवातीला मुळीच रुचला नाही. फ्रँक गिफर्ड हा त्यांचा हुकमी मोहरा ठरला. आदल्या वर्षी गिफर्ड आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे राबत होता. लोम्बार्डी यांनी त्याला आक्रमणात एकाच जागी पक्के केले, आणि १९५६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९५० च्या नियमबदलाचा अर्थ एका खेळाडूच्या आयुष्यात पाहायचा असेल तर तो इथे दिसतो.

बचाव टॉम लँड्री यांच्याकडे होता. लोम्बार्डी जितके तापट, तितके हे शांत. महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानातून मोहिमा केल्या होत्या, नंतर औद्योगिक अभियांत्रिकी शिकले होते, आणि १९५४–५५ मध्ये ते एकाच वेळी खेळाडूही होते आणि प्रशिक्षकही. समोरचा संघ उभा कसा राहतो, कोणता खेळाडू पहिले पाऊल कुठे टाकतो, यावरून पुढची चाल ओळखता येते आणि त्या खुणा प्रत्येक बचावपटूला शिकवता येतात, हा त्यांचा विचार होता. तोवर बचाव म्हणजे समोर येईल त्याला आडवे करणे, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. पुढच्या फळीत चार आणि त्यांच्या मागे तीन अशी जी रचना त्यांनी पक्की केली, तिच्यात मधल्या जागी सॅम हफ हा तरुण खेळाडू उभा राहिला. बचाव मैदानात उतरला की प्रेक्षकांनी त्याच्या नावाने घोषणा देण्याची प्रथा यँकी स्टेडियममध्ये याच काळात सुरू झाली, असे सांगितले जाते. गोल करणाऱ्यांना टाळ्या मिळतात हे जगात सगळीकडे दिसते. गोल होऊ न देणाऱ्यांसाठी गॅलरी गर्जावी यामागे मात्र एका सहायकाची बैठक होती.

मालक मारा कुटुंबातले वेलिंग्टन मारा वरच्या गॅलरीत पोलरॉइड कॅमेरा घेऊन बसत, समोरच्या संघाच्या व्यूहाचा फोटो काढत, आणि तो मोज्यात घालून, मोज्याला वजन बांधून खाली बाकाकडे सोडत. आज प्रशिक्षक बाकावर बसून टॅब्लेटवर आधीच्या चालीची छायाचित्रे पाहतात. त्या टॅब्लेटचा पूर्वज हा मोजा आहे.

३० डिसेंबर १९५६ रोजी लीगच्या अंतिम सामन्यात गोठलेल्या मैदानावर साधे रबरी तळाचे बूट घालून जायंट्सनी बेअर्सना ४७–७ असे हरवले. १९५९ मध्ये लोम्बार्डी ग्रीन बे पॅकर्सला गेले आणि त्यांनी सात वर्षांत पाच विजेतेपदे जिंकली. सुपर बोल या अंतिम सामन्याचा करंडक आज त्यांच्याच नावाने दिला जातो. १९६० मध्ये लँड्री नव्याने सुरू झालेल्या डॅलस काउबॉइजला गेले आणि २९ हंगाम तिथे राहून दोन सुपर बोल जिंकले. हॉवेल यांनी १९६० च्या हंगामानंतर प्रशिक्षकपद सोडले.

मग मुख्य प्रशिक्षकाची गरजच काय?

ही शंका हॉवेल यांच्या हयातीतही घेतली जात असे आणि ती रास्त आहे. सगळी बुद्धी सहायकांची असेल, तर वरचा माणूस शोभेचा नाही का?

१४ डिसेंबर १९५८ चा सामना याचे उत्तर देतो. यँकी स्टेडियममध्ये बर्फ पडत होता, क्लीव्हलँडशी १०–१० अशी बरोबरी होती, आणि हंगामात टिकण्यासाठी जायंट्सना जिंकणे भाग होते. हॉवेल यांनी पॅट समराल याला जवळजवळ ५० यार्डांवरून चेंडू लाथेने मारण्यासाठी पाठवले. बर्फाने झाकलेल्या मैदानावर इतक्या लांबून मारणे हा शुद्ध जुगार होता आणि लोम्बार्डी यांच्यासह सहायकांना तो पटला नव्हता. चेंडू खांबांमधून गेला आणि संघ १३–१० ने जिंकला. पुढच्या आठवड्यात त्याच संघाला त्यांनी पुन्हा १०–० ने हरवले.

विषयशिक्षकाला त्याच्या विषयापुरते दिसते. आक्रमणाच्या प्रशिक्षकाला आणखी एक चाल हवी असते, बचावाच्या प्रशिक्षकाला आपल्या थकलेल्या खेळाडूंची काळजी असते, आणि दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. त्या दोन खऱ्या म्हणण्यांतून एक निवडणे आणि चुकले तर नोकरी गमावणे, हे मुख्य प्रशिक्षकाचे काम आहे. हॉवेल यांनी दोन असामान्य माणसांना मोकळीक दिली आणि वेळ आली तेव्हा त्यांचे ऐकलेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावात सापडणे किती दुर्मीळ आहे, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

दोनाचे वीस कसे झाले?

आज एका संघात वीसहून अधिक सहायक सहज असतात. मुख्य प्रशिक्षकाच्या खाली आक्रमण, बचाव आणि स्पेशल टीम्स यांचे तीन प्रमुख असतात. त्यांना ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात. त्यांच्या खाली जागेनुसार प्रशिक्षक असतात: क्वार्टरबॅकचा वेगळा, चेंडू झेलणाऱ्यांचा वेगळा, पुढच्या फळीचा वेगळा. सगळ्यांत खाली पहाटेपर्यंत चित्रफिती तपासून प्रत्येक चालीची नोंद करणारी तरुण मंडळी. बिल बेलिचिक यांनी १९७५ मध्ये बाल्टिमोरला याच पायरीवर आठवड्याला २५ डॉलर पगारावर सुरुवात केली. पुढे न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी सहा सुपर बोल जिंकले.

ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली. लॉस एंजेलिस रॅम्सचे जॉर्ज ॲलन यांनी १९६९ मध्ये डिक व्हर्मील यांना केवळ स्पेशल टीम्ससाठी नेमले तेव्हा लाथेच्या चालींसाठी वेगळा माणूस ही चैन वाटली असणार. प्रतिस्पर्ध्यांनी ती पाहिली, सामन्यांत तिचा फरक जाणवला आणि चैनीची गरज झाली. १९९४ मध्ये हेल्मेटमधला रेडिओ परत आला, तेव्हा क्वार्टरबॅकच्या कानात बोलणारा माणूस लागला. २००८ पासून बचावाच्या एका खेळाडूलाही तो मिळाला. पुढची चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. १९४४ पूर्वीच्या त्या परीक्षेच्या खोलीचा एवढाच अवशेष नियमांत उरला आहे: शेवटचे १५ सेकंद गुरुजींनी गप्प बसायचे.

काही सहायक मैदानात न थांबता वर काचेच्या खोलीत बसतात, कारण खालून फक्त अंगावर येणारी माणसे दिसतात आणि वरून सारीपाट दिसतो.

एवढ्या गर्दीत खेळाडूचे स्वातंत्र्य हरवत नाही का, असा आक्षेप जुने खेळाडू घेत आले आहेत, आणि मला तो अर्धा मान्य आहे. स्वतःची चाल स्वतः ठरवणारा क्वार्टरबॅक आता जवळपास नामशेष झाला आहे. पण आत गेल्यावर समोरचा व्यूह पाहून, बाहेरून आलेली चाल तिथल्या तिथे बदलण्याचा अधिकार चांगल्या क्वार्टरबॅकला आजही असतो, आणि तो तो वापरतो.

घराणी

सहायकांमुळे खेळाला जे मिळाले त्याला अमेरिकेत प्रशिक्षकांचे ‘झाड’ म्हणतात. आपल्याला गायकीच्या घराण्यांवरून ते लवकर समजेल. शिष्य गुरूकडे राबतो, त्याची चीज गळ्यावर चढवतो, मग स्वतंत्र बैठक मांडतो, आणि ऐकणाऱ्याला दोन तानांत घराणे कळते.

बिल वॉल्श यांचे घराणे सर्वांत मोठे, आणि त्याची सुरुवात एका अपमानातून झाली. पॉल ब्राउन यांनी १९६८ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स हा नवा संघ उभा केला, तेव्हा वॉल्श त्यांचे सहायक होते. त्यांचा दमदार हाताचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक जखमी झाला, आणि त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरला लांब फेक जमत नव्हती. वॉल्श यांनी छोट्या, अचूक, वेळ साधून केलेल्या फेकींची पद्धत रचली. फेक धावण्याइतकीच भरवशाची व्हावी, हा तिचा हेतू. आठ वर्षांनी ब्राउन निवृत्त झाले आणि त्यांनी खुर्ची बिल जॉन्सन या दुसऱ्या सहायकाला दिली. ब्राउन यांनी इतर संघांकडेही आपल्या वाटेत काटे पेरले, अशी वॉल्श यांची तक्रार होती.

१९७९ मध्ये वॉल्श सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी पहिला सुपर बोल जिंकला तो २६–२१ असा, आणि समोर ब्राउन यांच्याच मालकीचे बेंगल्स होते. सात वर्षांनी तिसरा जिंकला तो २०–१६ असा, पुन्हा बेंगल्सशी. या वेळी बेंगल्सचे मुख्य प्रशिक्षक सॅम वाइश होते, म्हणजे वॉल्श यांचेच जुने सहायक. वॉल्श यांच्याकडून माइक होल्मग्रेन निघाले, त्यांच्या ग्रीन बेच्या पहिल्या तुकडीतून अँडी रीड आणि जॉन ग्रुडन निघाले. हे तिघेही पुढे सुपर बोल जिंकले.

चांगला सहायक हातचा जाऊ नये म्हणून धडपडही होते. १९६६ मध्ये हॅलस यांचे सहायक जॉर्ज ॲलन रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक व्हायला निघाले तेव्हा हॅलस यांनी करारभंगाचा दावा लावला. न्यायालयात आपले म्हणणे मान्य करून घेतले आणि मग ॲलन यांना जाऊ दिले. आज मुख्य प्रशिक्षकपदासाठी बोलावणे आले, तर हंगाम संपल्यावर सहायकाला अडवता येत नाही.

दार कोणासाठी उघडते?

घराण्याची दुसरी बाजूही आहे. ओळखीतून माणसे नेमली गेली, की ओळखीबाहेरचे बाहेरच राहतात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा खेळाडू लोवेल पेरी १९५६ मध्ये पहिल्याच हंगामात कमरेच्या गंभीर दुखापतीने कायमचा बाद झाला, आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने त्याला प्रशिक्षक म्हणून घेतले. आधुनिक एनएफएलमधला तो पहिला कृष्णवर्णीय सहायक. आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला जायला मात्र १९८९ उजाडले. मधल्या ३२ वर्षांत मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या वाढत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही वाट किती अरुंद होती ते कळते.

वॉल्श यांनी १९८७ मध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना सराव शिबिरात बोलावून शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. तो आज लीगभर चालतो. २००३ पासून ‘रूनी नियमा’ने मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक केले. टीकाकार म्हणतात की मुलाखती नुसत्या उपचाराच्या होतात, आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये लीगवर केलेल्या दाव्याचा रोख हाच आहे. कॅथरिन स्मिथ २०१६ मध्ये बफेलो बिल्सची पूर्णवेळ सहायक झाली. हे पद मिळवणारी लीगमधली ती पहिली स्त्री. मुख्य प्रशिक्षक बहुधा कोऑर्डिनेटरमधून निवडला जातो आणि त्यातही गेल्या काही वर्षांत आक्रमण सांभाळणाऱ्याला पसंती मिळते, त्यामुळे मुलाखतीच्या टप्प्यावर नियम लावणे म्हणजे दहावीच्या निकालावर उपाय शोधताना पहिलीच्या वर्गाकडे न पाहण्यासारखे आहे.

उत्तम सहायक म्हणजे उत्तम मुख्य प्रशिक्षक?

तसे मुळीच नाही, आणि तरी संघमालक दर जानेवारीत ही पैज लावतात. शिकागो बेअर्सचे बडी रायन यांचे उदाहरण घ्या. १९८१ मध्ये मुख्य प्रशिक्षक जाणार हे दिसताच बचावाच्या खेळाडूंनी वृद्ध हॅलस यांना पत्र लिहून, रायन यांना तरी ठेवा, अशी विनंती केली. हॅलस यांनी ती मान्य केली आणि मग माइक डिटका यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. आपला बचावप्रमुख डिटका यांनी निवडलेलाच नव्हता, आणि दोघांचे कधी पटले नाही. जानेवारी १९८६ मध्ये बेअर्सनी सुपर बोल ४६–१० असा जिंकला तेव्हा खेळाडूंनी डिटका यांना खांद्यावर घेतले आणि रायन यांनाही. लगेच रायन फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पाच हंगामांत तीनदा त्यांनी संघाला बाद फेरीत नेले आणि तिन्ही वेळा पहिलाच सामना हरले.

डिक लबो यांचा आलेख याहून तीव्र आहे. पुढे धावून येणार असे भासवणारे खेळाडू मागे सरकतात आणि भलतेच कोणी तरी पुढे घुसतात, हा फसवा बचाव त्यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटीत विकसित केला, आणि पिट्सबर्गचे बचावप्रमुख म्हणून त्यांनी दोन सुपर बोल जिंकले. मधल्या काळात ते सिनसिनाटीचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा १२ सामने जिंकले आणि ३३ हरले. फळ्यासमोरचा माणूस मुख्याध्यापकाच्या खोलीत रमला नाही, आणि तो फळ्याकडे परतला.

लीग जिथे जन्मली त्या कँटनमध्ये आज फुटबॉलचे सन्मान सदन आहे. तिथे निवडल्या गेलेल्यांचे ब्राँझचे अर्धपुतळे मांडलेले असतात. सहायक प्रशिक्षकांसाठी तिथे वेगळी वर्गवारी नाही. २०२२ पासून त्यांना एक पुरस्कार दिला जातो, पण त्याबरोबर अर्धपुतळा मिळत नाही. लबो यांचा पुतळा तिथे आहे. २०१० मध्ये त्यांना तो मान मिळाला तो डेट्रॉइट लायन्सचा खेळाडू म्हणून, १९५९ ते १९७२ या काळात त्यांनी समोरच्या संघाच्या ६२ फेकी झेलल्या त्याबद्दल. त्यानंतर त्यांनी सहायक म्हणून घालवलेली दशके त्या निवडीत मोजली गेली नाहीत.